गवतातले मासे

गळाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या जपानी मोरितासानचा सल्ला भानुमतीने नवऱ्याला, प्रसन्नला, मराठीत नीट समजावून सांगितला होता. डोंगरावरचा बर्फ वितळून तळं भरलं की मासे काठच्या बुडालेल्या गवतात येतात. तेव्हा पाण्यात उतरू नका, मागे उभं राहून जवळच गळ टाका.

"काहीही सांगतो तो! मोठे मासे खोल पाण्यातच असतात," म्हणत प्रसन्न मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून, गवत तुडवत थेट पाण्यात शिरला. आला मोठा शहाणा! सहा वर्षं नागोयात राहून न्हाव्याला "थोडेच कापा" सांगायलाही ज्याला बायको लागते, तो इथल्या माणसाला तळं शिकवणार!

दोन तास तो लांबच लांब गळ फेकत राहिला. भानुमतीने एकदाच तोंड उघडलं, तर खेकसला, "गप्प बस ना, मासे पळतात!"

थोड्या वेळाने त्याच्या पाठीमागे, गवतात, हातभर लांबीचा मासा सळसळला. मग दुसरा. त्याच्या टाचांपासून वीतभर अंतरावर दोघे निवांत चरू लागले.

भानुमतीने थालीपिठाचा तुकडा मोडला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. आज पहिल्यांदाच तिने नवऱ्याचं ऐकलं आणि ती गप्प बसली.