पांढरी खोली

मांजर आभाळाला पाठ टेकून झोपलंय. बादलीतला चुना कधीच वाळलाय. बायको झोपेत हसतेय.

मोतीबिंदू काढून आठ वर्षं झाली, तरी म्हातारा रंगारी रोज सकाळी या खोलीत तरंगतच जागा होतो. ऑपरेशनआधी त्याने ती पांढरी रंगवायला घेतली होती. मोतीबिंदूमुळे चुना त्याला पिवळट दिसायचा, म्हणून तो नीळ घालत गेला. डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा चारही भिंती आभाळ झालेल्या.

“अगं, आधी सांगायचं नाही का? नाक कापलं गेलं माझं! उद्याच पांढरी करतो.”

“हात लावून तर बघा! जन्मभर लोकांची घरं रंगवलीत. ही खोली माझी.”

कुंचला तेव्हापासून कोरडा आहे आणि नजर अजून स्वच्छ.

नीळ संपली, तेव्हा दुकानातून तिनेच आणून दिली होती.