दारापर्यंतची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला शंकाच वाटते, तरी सांगते.

एका सुताराने मला मन लावून घडवले. विकताना माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "हत्ती चढला तरी हूं की चूं करणार नाही!" रंगकामाच्या एका ठेकेदाराने मला घेतले. माझ्यावर चढायचा तो त्याचा एक उंच रंगारी. सगळे त्याला लंबू म्हणत.

"एवढा ताडमाड वाढलास, तुला शिडी कशाला रे?" सोबती चिडवत.

"तुमच्या टकलांवर रंग सांडायला!" तो वरून म्हणे.

पुढे उन्हापाण्याने माझी मधली पायरी तडकली. लंबूने सगळ्यांदेखत ठेकेदाराला सांगितले.

"चालतंय तोवर चालव की. आणू नवी," ठेकेदार म्हणाला.

नवी काही आली नाही. शेवटी लंबूनेच पायरी सुतळीने आवळून बांधली. एका दुपारी ती त्याच्या पायाखाली मोडली. मला त्याला सावरता आले नाही. कमरेला असा मार बसला की त्याचा एक पाय कायमचा लुळा पडला.

त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. पुरावा म्हणून मलाही कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीत नेऊन उभे केले.

"साहेब, पायरी तडकलीय हे मला ठाऊकच नव्हतं," ठेकेदार म्हणाला.

"मग ही सुतळी कुणी बांधली?" अधिकाऱ्यांनी विचारले.

लंबूची बायको त्याला डोळ्यांनी खुणावत होती.

"मीच बांधली, साहेब."

"बघा!" ठेकेदाराने शब्द वरच्यावर झेलला. "धोका माहीत असून चढला!"

"मी यांना सांगितलं होतं, साहेब. हे सगळे होते तिथं."

सोबत्यांनी माना खाली घातल्या. त्यांना उद्या त्याच ठेकेदाराकडे कामावर जायचे होते. मी तर सारे ऐकले होते. पण लाकडाची साक्ष कोण घेणार?

दावा लढवता आला असता, पण निकालाला वर्षे लागली असती आणि घरात औषधालाही पैसे नव्हते. लंबूने तडजोडीवर सही केली. हक्काचे निम्मेही पदरात पडले नाही.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, एकदा 'माहीत नाही' म्हटलं असतं, तर जीभ झडली असती का तुमची?"

"तुला बघायला आलो तेव्हाही खरंच बोललो होतो. म्हटलं होतं, माझ्याकडे काही नाही."

ती हसायला गेली आणि तिला रडू कोसळले.

ठेकेदार मला फेकून देणार होता. तिनेच मला मागून घेतले. आता मी त्यांच्या खोलीत, खाटेपासून दारापर्यंत, भिंतीला आडवी ठोकलेली आहे. मला धरून लंबू पाय ओढत चालतो. दारापाशी मात्र थांबतो. त्याच्या पुढे माझी लांबी पुरत नाही.

मित्रांनो, कुणी म्हणाले की हे तडकले आहे, तर त्याच दिवशी दुरुस्त करा. तेवढे तुमच्या हातात नसेल, तर निदान ऐकलेले लक्षात ठेवा. आणि कुणी विचारले, तर मान खाली घालू नका.