डिस्ककडे जाणारी केबल

गिऱ्हाईक कधीच खरं सांगत नाही. "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला," म्हणतात आणि उघडून बघावं तर आत चहा सांडलेला. एकतीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. माणसांपेक्षा माझा मशीनवर विश्वास जास्त, कारण मशीन दर वेळी एकाच जागी अडतं.

हे मशीन अकराव्या मिनिटाला अडायचं.

ते माझ्या मुलाचं होतं. तो ॲनिमेशन करायचा. आठ महिन्यांपूर्वी तो गेला. आजार सतरा दिवसांचा. सुनेनं मशीन दुकानात आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसली.

"बाबा, त्याची फिल्म तयार आहे. फक्त रेंडर राहिलंय. लावलं की मशीन फटकन बंद होतं."

रेंडर म्हणजे मशीननं एकेक चित्र रंगवून त्यांचा सलग सिनेमा करायचा. ते काम ग्राफिक्स कार्डाचं. फिल्म चार मिनिटांची. झोप न येणाऱ्या अस्वलाची गोष्ट, टिचकीसाठी केलेली. टिचकी म्हणजे माझी नात, वय पाच. अस्वलाचा आवाज मुलानं स्वतः काढला होता.

"फोनमध्ये त्याचा आवाज आहे," सून म्हणाली, "पण सगळीकडे 'पोचलो', 'निघालो', 'दूध आणू का' एवढंच. ती त्याचा आवाज विसरायला लागलीये, बाबा."

"फिल्म कुठे कुठे ठेवलीये?"

"त्याच्या एका डिस्कवर. बाकी कुठे नाही."

दुरुस्तीवाल्याचा मुलगा, आणि कॉपी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आधी कॉपी काढाल ना?" तिनं विचारलं.

"एकतीस वर्षं काय करतोय मी? मला शिकवू नकोस," मी खेकसलो. माझ्या खेकसण्याची तिला सवय आहे.

तेव्हाही मला काही वाटत नव्हतं. ते आठ महिने मी जेवत होतो, झोपत होतो, दुकान उघडत होतो. लोक म्हणायचे, धीराचा माणूस आहे. धीर कसला डोंबलाचा! दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो, तसं झालं होतं. ओठ जागेवर असतो, पण आपला नसतो.

मी कामाला लागलो. आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढून मशीन थेट भिंतीतल्या प्लगला लावलं. अकराव्या मिनिटाला बंद. कार्डाचा कनेक्टर उपसून पुन्हा बसवला, खट् आवाज येईपर्यंत दाबला. अकराव्या मिनिटाला बंद. मग दिसलं की कार्डाच्या दोन्ही खाचांना एकाच केबलला फाटा काढून वीज दिली होती. दोन वेगळ्या केबल दिल्या, तर तेरा मिनिटं चाललं. तिथे जंगलाचा प्रसंग यायचा, हजारो पानं, सगळ्यात जड काम.

मग पॉवर सप्लायवरचं, म्हणजे मशीनला वीज वाटणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचलं. साडेसहाशे वॅट. कार्ड एकटंच साडेचारशे खातं, आणि जोर आला की क्षणभर त्याच्या दीडपट ओढतं. सप्लायला वाटतं काहीतरी जळतंय, आणि तो सगळंच बंद करून टाकतो. सप्लायचा दोष नव्हता. कार्ड घेतलं तेव्हाच मी मुलाला म्हणालो होतो, "हत्ती आणलास आणि त्याला मुंगीचा डबा देतोयस." तो म्हणाला, "चालतंय ना बाबा." त्यावरून आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.

मी हजार वॅटचा नवा सप्लाय काढला. कंपनी वेगळी. माझ्या दुकानात भिंतीवर मीच लिहून लावलंय: 'सप्लाय बदलला की केबलही बदला. वाद नको.' कारण या केबल सप्लायच्या बाजूनंही सुटतात. जुन्या कंपनीची केबल नव्या सप्लायमध्ये झक्कास बसते, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. पाच व्होल्टच्या जागी बारा जातात. हे न ऐकणाऱ्या किती जणांना मी या टेबलापाशी झापलंय, त्याची गणती नाही.

मदरबोर्डची केबल बदलली. कार्डाच्या बदलल्या. मग मागचं झाकण काढलं.

डिस्ककडे जाणारी केबल त्यानं मागून फिरवली होती. चार-चार बोटांवर काळी प्लास्टिकची पट्टी बांधलेली, पट्टीचं टोक हाताला टोचू नये म्हणून अगदी सपाट कापलेलं. ते मी शिकवलं होतं. शाळेतून आला की तो इथेच बसायचा. एकूण नऊ पट्ट्या. केबल बदलायची तर नऊही कापाव्या लागणार होत्या, आणि कॉपीसाठी डिस्क बाहेर काढायची तरीही.

मी कटर हातात घेतला आणि खाली ठेवला.

कॉपी चालू मशीनवरूनही काढता आली असती. त्यासाठी त्याची फोल्डरं उघडावी लागली असती. उद्या काढू म्हटलं. आणि केबलचं म्हणाल तर, डिस्कला वीज लागते ती किती, एवढ्यानं काय होतंय. हे वाक्य गिऱ्हाइकांचं आहे. त्या दिवशी ते मी म्हटलं.

ती केबल तशीच नव्या सप्लायमध्ये खोचली आणि बटण दाबलं.

टिक् असा बारीक आवाज आला आणि वास. तो वास मला झोपेतही ओळखता येईल. स्क्रीन लागली, कारण विंडोज दुसऱ्या डिस्कवर होती. यादीत फिल्मची डिस्क नव्हती. ती काढायला नऊ पट्ट्या कापाव्याच लागल्या.

डेटा काढून देणारा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे नेली. त्यानं भिंगाखाली धरली.

"डेटा साठवणारी चिपच भाजलीये. काही निघणार नाही. कुणाचं काम हे?"

"माझं."

"दादा, तुम्ही?" एवढंच तो म्हणाला.

परत येऊन मी नवी केबल घातली आणि कार्डावर पूर्ण जोर टाकून मशीन तासभर चालवलं. दुरुस्ती झाली की तासभर चालवायचं, ही सवय. एकदाही बंद पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून आली. टिचकी दाराशी पार्सलं तोलायच्या वजनकाट्यावर एका पायानं उभी राहून आकडे बघत होती. मी सुनेला सगळं सांगितलं, केबलसकट, कॉपीसकट. ती मशीनकडे बघत राहिली. पंखे छान फिरत होते.

"का नाही बदललीत?"

"त्यानं बांधली होती."

ती हळूच म्हणाली, "बाबा, तो असता तर तुम्ही त्याला दोन शिव्या घालून बदलली असती."

खरं होतं. मला रडायला हवं होतं, निदान तिच्यासमोर तरी. रडू आलं नाही.

"टिचकीला मी सांगतो," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"तिला काही सांगायचं नाहीये. फिल्म आहे हे तिला माहीतच नाही. पूर्ण झाली की एकदमच दाखवू, असं तो म्हणायचा. मीही बोलले नव्हते."

म्हणजे ती फिल्म होती हे आता आम्हा दोघांनाच ठाऊक. सुनेनं पर्स उचलली आणि डोळे पुसले. मी वायर गुंडाळायला लागलो.

टिचकी काट्यावरून उडी मारून आत आली.

"आजोबा, बाबाचा कॉम्प्युटर झाला नीट?"

"झाला," मी म्हणालो.