वाकून दिलेला निरोप
“मऊ गाद्या कपाटात टाकल्या म्हणे. आता बसा खुर्चीत मुरत,” तात्सुए माझ्या कानाशी कुरकुरली. वजनकाट्याच्या रांगेत आम्ही पुढेमागे उभ्या होतो. ती सत्तरीपुढची, मी पन्नाशीची. आजार मात्र एकच.

डायलिसिसला टेकण्याआधी दवाखान्याचा व्यायाम-शिक्षक हिरोसेसान आम्हाला कोपऱ्यात घ्यायचा. खुर्चीची पाठ धरायची, मऊ गादीवर उभं राहायचं, एक पाय उचलायचा. मूत्रपिंडं गेली की मागोमाग हाडंही पोकळ होतात, तेव्हा काही झालं तरी पडायचं नाही, हा त्याचा मंत्र. आम्ही बगळ्यांसारख्या उभ्या राहून एकमेकींची टिंगल करायचो.

मग आमच्यातली मिनेयो पडली. खुबा मोडला. हिरोसेने वर्ग बंद केला, तोही स्वतःहून. “माझ्या व्यायामाने त्यांना नको तेवढा धीर आला,” असं तो नर्सबाईंना सांगत होता. आता महिनाअखेरीला तो नोकरीच सोडणार होता.

खरं काय घडलं ते आमच्या गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी दवाखान्याची गाडी आम्हाला घरोघर सोडते. मिनेयो जुन्या वळणाची; गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात कमरेत वाकून निरोप देणार. चालक साकुमासान तिच्याहून जुन्या वळणाचा. बाई वाकलेली असताना गाडी हलवणं त्याला उद्धटपणाचं वाटायचं. तो मान झुकवणार, म्हणून ती आणखी वाकणार. आधी कोण थांबतंय ते बघत आम्ही मागे खिदळायचो. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला, डोकं हलकं झालेलं. पण हातात काठी असायची, तिच्यावर भार टाकून मिनेयो निभावून न्यायची.

त्या दिवशी काठी नव्हती. ती वाकली आणि तशीच पुढे कोसळली. मी धावत उतरले, घाबरून तिचा डायलिसिसच्या सुया टोचतात तोच हात धरायला गेले. “तो नको गं, दुसरा,” ती खालून म्हणाली. मग गाडीला उशीर केला म्हणून सगळ्यांची माफी मागत राहिली.

काठी का नव्हती, हा विषय आमच्यात कुणी काढला नाही. साकुमा गाणी लावेनासा झाला. तात्सुए हवेवर बोलायची, माशांच्या भावावर बोलायची. मिनेयोच्या घरावरून गाडी जाताना मात्र पिशवीत काहीतरी शोधत बसायची. मी तिच्याकडे बघायचे आणि मग खिडकीबाहेर.

आज मिनेयो आली, चाकांच्या खुर्चीतून. मांडीवर खोका. बाहेर नासपतीचा मोसम, पण त्यातल्या पोटॅशियममुळे आम्हाला नासपती वर्ज्य, म्हणून तिने शोधून बिनमिठाची तांदळाची बिस्किटं आणली होती. सगळ्यांना त्रास दिला, त्याबद्दल. पहिला पुडा तिने हिरोसेपुढे धरला.

“मास्तर, तुमची मेहनत मातीत घातली मी.”

“छे, छे. चुकलं ते माझंच.” त्याने मान खाली घातली.

“तुमचं कसं? माझीच हाडं नालायक.”

“नाही, मीच आधी ओळखायला हवं होतं.”

दोघं चूक आपापल्याकडे ओढून घेत होते. नर्सबाई काट्यावरचा आकडा उगाच पुन्हा वाचू लागल्या. मिनेयोने पुढचा पुडा तात्सुएकडे केला. “घे ना. तुझ्या आवडीची आहेत.”

तात्सुएचे हात पाठीमागेच राहिले.

“अगं, रागावलीस की काय माझ्यावर?”

“गप्प बस गं बाई!” तात्सुए ओरडली, आणि तिने काट्याचा दांडा धरला. “मास्तर, तुमच्या व्यायामाने नाही पडली ही. हिची काठी मी सोडवली. ‘एका पायावर उभी राहतेस, मग हा म्हातारीचा तिसरा पाय कशाला मिरवतेस,’ असं म्हणाले मी, भर गाडीत, सगळ्यांना हसवायला. दुसऱ्या खेपेला ही काठी घरी ठेवून आली. मी पाडलं हिला.”