माझ्या काचेत पाणी कोणी घातले?

मी एक जुना हेडलाइट आहे, मित्रांनो. अल्लीपूरच्या वासुदेवरावांच्या पांढऱ्या मोटारीचा डावा डोळा. उजवा माझा जुळा भाऊ. सोळा वर्षे शेजारी राहून आमची अजून नजरानजर नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच पाण्यासारखी नितळ होती. गाडी घरी आली त्या दिवशी वासुदेवरावांच्या पत्नीने, विमलाबाईंनी, मलाही कुंकू लावले. वासुदेवराव दर रविवारी मला ओल्या फडक्याने पुसत. "पाहा, डोळा कसा चमकून राह्यला!" असे ते आल्यागेल्याला सांगत आणि मी फुगून जाई.

पण वासुदेवरावांचा स्वभाव महासंशयी. मिस्त्रीने अस्सल भाग काढून नकली बसवू नये म्हणून गाडी द्यायच्या आदल्या दिवशी ते सुनेची लाल नेलपॉलिश घेऊन भागाभागावर ठिपके देत. आणि मिस्त्री कोण, तर महादेवराव, शाळेत एका बाकावर बसलेला दोस्त! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मीही जवळ येणाऱ्या प्रत्येक हाताकडे संशयाने पाहू लागलो.

दोन वर्षांपूर्वी महादेवरावांकडून गाडी परत आली आणि त्याच पावसाळ्यात माझ्या आत पाण्याचे थेंब जमले. काच पिवळी पडली. वासुदेवरावांनी भर चौकात महादेवरावांना चोर म्हटले. "त्यानंच उघडला असन!" म्हणाले. मलाही ते पटले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद, आणि माझे पुसणेही बंद.

वासुदेवरावांची सून वर्षाली सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे. सात वाजताची ड्यूटी बसने गाठता येत नाही, म्हणून ती गाडी नेते. या हिवाळ्यात एका सकाळी धुक्यात डाव्या अंगाला कापसाने भरलेली बैलबंडी उभी होती आणि ती मला दाखवता आली नाही. वर्षालीने ब्रेक दाबला तेव्हा हातभर अंतर उरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घरी येऊन ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, डावा दिवा निरा आंधळा झाला. नीट नाई झाला तर मले नोकरी सोडा लागन."

"मिस्त्र्याकडे न्यायची नाई!" वासुदेवराव कडाडले.

"मंग मीच काढतो घरी," वर्षाली म्हणाली.

रविवारी अंगणात तिने बॉनेट उघडले. ती मोबाइलवर नवे दिवे पाहत होती, हे मी पाहिले होते. आता आपली रवानगी भंगारात, अशी माझी खात्री झाली. वासुदेवराव खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले, मांडीवर बोल्ट ठेवायला ताटली. तिने आधी बॅटरीची वायर सोडली. मग वरचे दोन बोल्ट काढले, बंपरचा कोपरा अलगद सैल केला आणि त्यामागे दडलेला तिसरा बोल्टही काढला.

"काऊन ओढून राह्यली? तोडशील ना!"

"मामाजी, तुमी बोल्ट सांभाळा."

मागची चिमटी दाबून तिने वायरचे टोक सोडवले. सोळा वर्षांत प्रथमच माझ्या पाठीला ऊन लागले. तिने मला उलटे केले आणि थबकली. "मामाजी, ही नळी लुकणानं कोणं बुजवली?"

मित्रांनो, आमच्या पाठीला एक छोटी रबरी नळी असते. तिच्यातून आतली वाफ बाहेर जाते. ती बुजली की वाफेचे आतच पाणी होते. माझी पाठ मला कुठे दिसते!

वासुदेवराव वाकले. वाळलेल्या लुकणावर, फटी बुजवायच्या त्या लगद्यावर, लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

"म्याच," ते म्हणाले. "गाडी देयाच्या आदल्या दिवशी. महादेवनं दिवा उघडू नये म्हणून."

वर्षालीने सुईने लुकण कोरून काढले, माझी पिवळी काच घासली, मला धुऊन उन्हात वाळवले. वासुदेवराव चपला घालून गेले आणि महादेवरावांना घेऊन आले. महादेवरावांनी मला पुन्हा बसवले, भिंतीवर उजेड पाडून माझी नजर सरळ केली. जाताना एवढेच म्हणाले, "चोर तू मले चौकात म्हनलं होतं, वासुदेव. माफी इथं अंगणात नोको मांगू."

सोमवारी सकाळी दाट धुके होते. वासुदेवराव सुनेशेजारी गाडीत बसले आणि चौकात उतरले. चहाच्या टपरीवर पाच-पंचवीस माणसे होती, त्यांत महादेवरावही. माझा उजेड सरळ वासुदेवरावांवर पडला होता. त्यांनी टोपी काढली. आवाज साऱ्यांना ऐकू गेला. "महादेव चोर नोता. दिवा म्या बिघडवला."

वर्षाली सातच्या आत दवाखान्यात पोहोचली.

मित्रांनो, आमची काच पुसता तशी कधी पाठही पाहत जा. आणि कोणाचा संशय आला तर त्यालाच जाऊन विचारा, चौकाला सांगू नका. महादेवराव तीन घरे सोडून राहतात. दोन वर्षांत त्यांना कोणी विचारलेच नाही.