रोईच्या कपारीतली अंडी

टोपली वर आली तशी रकुलने त्यातलं एक निळसर अंडं उचलून बादलीत सोडलं. ते बुडेचना. दुसरं सोडलं, तर तेही मेलं वर येऊन डुलायला लागलं.

खाली कड्यावर तिचा नवरा ब्रांडूर दोराला लटकून समुद्रपक्ष्यांची अंडी वेचत होता. मधली कपार त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच पार रिकामी केली होती. मग पक्षी पुन्हा घालतात ती अंडी ताजीच असायची, दगडासारखी तळाला जायची. तरंगतं ते जुनं अंडं, आत पिल्लू धरलेलं. फेरो बेटांवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मामंजी, ही मधल्या कपारीतली नव्हेत."

सासरा सकारिस शेजाऱ्यांबरोबर दोर धरून बसला होता. "पाणी गोडंच घेतलंस ना? खाऱ्यात काय, मीसुद्धा तरंगेन!"

"गोडंच आहे. चेष्टा पुरे!" तिने एक अंडं फोडलं. आत लव फुटलेलं पिल्लू होतं.

यंदा हात न लावलेली कपार एकच, अगदी खालची. धाकटा दीर रोई गेल्या साली तिथूनच समुद्रात पडला आणि सापडलाच नाही. तिथे फिरकणार नाही असं ब्रांडूरने सकाळी शपथेवर कबूल केलं होतं. लबाड कुठला!

"त्याला वर घ्या! आत्ताच्या आत्ता!"

सकारिसने दोराला हिसका दिला. खालून लगेच उलट हिसका आला आणि दोर जड झाला.

"आला बघ तुझा लाडका. उगीच जीव खाल्लास आमचा."

रकुलच्या जिवात जीव आला. गडी ओढू लागले. पाऊस नव्हता, तरी दोर निथळत वर येत होता. हाताला समुद्राचा वास लागत होता.

तेवढ्यात खोल खालून ब्रांडूरची हाक आली. "बाबा! अहो, दोर कुठे नेताय? मी सुटा आहे! कपारीत शिरायला सोडलाय मी तो!"

सगळे जागच्या जागी थिजले. दोर ताणलेलाच होता. त्याला पुन्हा हिसका बसला.

"सोडा तो!" रकुल किंचाळली. "मामंजी, पाया पडते, सोडा! ब्रांडूरला दोर हवाय!"

शेजाऱ्यांनी हात काढले. सकारिसने मात्र दोराचा वेढा मनगटाला घेतला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"कसा सोडू गं? तोही माझाच लेक," म्हणत म्हातारा एकटाच ओढू लागला.