मळका स्पंज

अर्धांगाच्या झटक्याने घड्याळकाकांची वाचा गेली, त्याला चार महिने झाले. घड्याळं दुरुस्त करणारा उजवा हातही गेला. उरला डावा, आणि त्यात एक चमचा. पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही, आणि नुसता टणटणत राहिला की इकडे या.

त्यांची बायको तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. सगळे तिला सिस्टरच म्हणत, लाडात आले की काकासुद्धा. जंतू म्हणजे तिचा सात जन्मांचा वैरी. पलंगासमोरच्या माशांच्या टाकीत मात्र तिने कधी हात घातला नव्हता, ते काकांचं राज्य होतं. पण त्या सकाळी फिल्टर कुरकुरायला लागला. तिने तो उघडला, आतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज दोन बोटांत धरून वर काढला आणि तिचा चेहरा अगदी पाहण्यासारखा झाला.

"अहो, शी! या घाणीत तुमचा लाडका ठेकेदार राहतो?"

ठेकेदार म्हणजे सात वर्षांचा गोल्डफिश. खाणं पडलं की बाकीच्यांना ढकलून पुढे घुसायचा, म्हणून हे नाव. भेटायला येणारे हळूहळू आटले, पण हा दिवसभर काचेला नाक लावून काकांकडे बघत असायचा.

काकांना मात्र ठाऊक होतं: माशांच्या घाणीचं विष पाण्यात साठतं, आणि ते संपवणारे जंतू त्याच स्पंजात राहतात. टाकीतलंच पाणी बादलीत घ्यायचं, त्यात स्पंज दोनदा हलकेच दाबायचा आणि मळकाच परत बसवायचा. सात वर्षं त्यांनी हे गुपचूप केलं होतं. अशा बायकोला मळका स्पंज दाखवून भांडण कोण ओढवून घेईल!

ती मोरीत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. काकांनी चमचा टणटणवला.

"आले, आले!" ती ओले हात पुसत आली. "पाणी हवंय? कूस बदलू?"

काकांनी चमचा टाकीकडे रोखला.

"हो हो, तेच करतेय. जरा दम धरा की!" काकांनी दोनदा वाजवलं, तोवर नळ पुन्हा सुरू झाला होता.

कढत पाणी झालं, जंतुनाशक झालं, पुन्हा कढत पाणी झालं. स्पंज नव्यासारखा पिवळा होऊन आला. "बघा कसा लख्ख!" ती म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच अशी हसली होती, आणि काकांना तिच्यावर धड चिडताही येईना.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन आ वासू लागले. सिस्टरला वाटलं, घाण राहिली असेल. तिने स्पंज पुन्हा धुतला, आणखी मन लावून. काका हात दुखेपर्यंत चमचा वाजवत राहिले; तिला वाटलं, घाई करताहेत.

पाचव्या दिवशी ठेकेदार आडवा तरंगत होता.

तिने माशांच्या दुकानात फोन लावला. "हो, नळाखाली... हो, जंतुनाशकात... दोनदा." मग ती बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली.

"अहो, तुम्ही वाजवत होतात ते याचसाठी का? मी धुवू नये म्हणून?"

दर दोन तासांनी कूस बदलणारे, न कंटाळता सगळं काढणारे तिचे हात काकांनी पाहिले. त्यांनी चमचा दोनदा वाजवला.

"नाही? मग काय हवं होतं? पाणी?"

एकदा.

"आणि मी तुम्हाला तसंच तहानलेलं ठेवलं!" ती डोळे पुसत उठली, भांडं भरून आणलं, त्यांच्या हातातला चमचा घेतला आणि एकेक घोट पाजू लागली.

काकांना तहान नव्हती. भांडं संपेपर्यंत ते पीत राहिले.